तुटक रेघ की सलग रेघ? साताऱ्याच्या गादीचा वंशवृक्ष लावताना

हे प्रकरण साताऱ्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयातलं आहे. माणसांची नावं, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एका भिंतीवर छत्रपतींच्या घराण्याचा वंशवृक्ष लावायचा होता. त्यात कोणाला कुठल्या रेघेनं जोडायचं यावरून बराच खल झाला आणि शेवटी एक तोडगा निघाला. शाळा, मंडळं, वाचनालयं असे फलक नेहमी लावत असतात, म्हणून तो सगळा प्रवास लिहून ठेवतो आहे. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं.

पार्श्वभूमी

६ मे २०२३ ला लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर कितीतरी दिवस वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी येणारी मंडळी ठरलेली: निवृत्त शिक्षक, एसटीतले जुने कर्मचारी, कोर्टात जाता जाता डोकावणारे वकील. त्यांचा पहिला प्रश्न असा होता: राणी जाऊन आठ महिने झाले, मुकुट आत्ता घातला, मग मधल्या काळात राजा कोण?

उत्तर सोपं आहे. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या त्याच क्षणी चार्ल्स राजा झाले होते. तिथे गादी क्षणभरही रिकामी धरत नाहीत. वेस्टमिन्स्टर ॲबीतला सोहळा नंतरचा, त्यावाचून काही अडत नाही. पुढचा कोण, त्याच्यानंतर कोण, ही यादी कायद्यानं आधीच ठरलेली असते. १७०१ च्या कायद्यानं ती बांधली आणि २०१३ च्या कायद्यानं तिच्यात मोठी दुरुस्ती केली. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या मुलींना आता धाकट्या भावासाठी मागे सरावं लागत नाही.

हे ऐकून एका काकांनी विचारलं, "आणि आपल्याकडं? ह्या गावात गादी होती. ती कशी चालायची?"

ग्रंथपाल मॅडमनी तो प्रश्न उचलला. १७०८ साली १२ जानेवारीला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. तोच दिवस धरून जानेवारीत छोटं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मधोमध मोठा वंशवृक्ष, शिवाजी महाराजांपासून राज्य खालसा होईपर्यंत, आणि बाजूला पत्रांच्या प्रती, नकाशे, नाणी यांची छायाचित्रं. समितीत मॅडम, इतिहासाचे निवृत्त शिक्षक (त्यांना सगळे सरच म्हणतात), एम. ए. करणारी एक मुलगी, एक विश्वस्त आणि मी.

अडचण कुठे आली

वंशवृक्षाचा कच्चा आराखडा त्या मुलीनं केला आणि फार नेटका केला. छापील वंशावळींमध्ये सर्रास दिसतो तोच संकेत तिनं पाळला होता: पोटचा मुलगा सलग रेघेनं जोडायचा, दत्तक मुलगा तुटक रेघेनं. चुका सापडाव्यात म्हणून छापण्याआधी आराखडा वाचन कक्षातल्या भिंतीवर चिकटवला आणि खाली पेन्सिल बांधून ठेवली.

दोनच दिवसांत पहिला आक्षेप आला. तो कागदावर नव्हता, समोरासमोर होता. वाचनालयाचे जुने सभासद, वय सत्तरीच्या पुढचं, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते लहानपणी मामाच्या घरातून शेजारच्या गावातल्या एका घरात दत्तक गेलेले. आराखड्यासमोर ते बराच वेळ उभे होते. मग काउंटरवर येऊन म्हणाले, "मॅडम, ही तुटक रेघ कशासाठी?"

"दत्तक आहेत म्हणून, अण्णा. तशी पद्धत आहे."

"माझ्या वडलांना अग्नी मी दिला. पिंड मी पाडला. घराचं कर्जही मी फेडलं. मग माझी रेघ कुठं तुटली ते दाखवा मला."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मॅडम काही बोलल्या नाहीत, आराखडा काढून आत ठेवला आणि समितीची बैठक बोलावली.

बैठकीत मुलीनं आपली बाजू नीट मांडली. दत्तक ही गोष्ट लपवली तर साताऱ्याचा इतिहासच कळणार नाही, कारण १८४८-४९ साली राज्य गेलं ते दत्तकाच्याच मुद्द्यावर. सर तिच्या बाजूनं होते. विश्वस्तांना वेगळीच काळजी होती: ज्यांच्या जन्माबद्दलच वाद आहे त्या रामराजांचं काय करायचं? आणि १८४८ साली मांडीवर घेतलेल्या मुलाचं काय? एका रेघेवरून सुरू झालेली गोष्ट पूर्ण फलकावर पसरली.

गादी खरोखर कशी चालत होती

निर्णयाआधी सरांनी एक काम सगळ्यांना करायला लावलं, आणि मला ते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं पाऊल वाटतं. ते म्हणाले, रेघांचं नंतर बघू. आधी प्रत्येक वेळी गादीवर पुढचा माणूस कसा आला ते एकेका ओळीत लिहा.

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. रायगडावर सोयराबाई आणि काही प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामांना पुढे केलं. सैन्य संभाजी महाराजांकडे वळलं आणि १६८१ च्या जानेवारीत त्यांचा राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्यांचा मुलगा शाहू लहान, रायगडाला वेढा पडण्याच्या बेतात. गादी मुलाकडे न जाता भावाकडे, राजारामांकडे गेली. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी लढा चालवला, स्वतः मोहिमांची आखणी केली. १७०७ ला औरंगजेब गेला आणि मोगलांच्या कैदेतून शाहू सुटून आले.

इथे पहिली मोठी गाठ आहे. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरवलं. सतरा-अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत वाढलेला हा तरुण खरोखर संभाजी महाराजांचाच मुलगा कशावरून? सरदार परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले आणि लोकांचा संशय फिटला, असं सांगतात. त्या काळी जातगोत सांभाळणाऱ्या माणसानं संशयिताच्या ताटात हात घालणं म्हणजे सगळ्यांदेखत साक्ष देणं होतं. पुढे ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि पारडं फिरलं. लढाई, ताट, सरदारांचा पाठिंबा आणि मग अभिषेक: गादी अशी मिळाली. शाहू संभाजी महाराजांचे पुत्र होते हे खरंच, पण नुसत्या तेवढ्यानं ती मिळाली नसती.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज साताऱ्यात निधन पावले. मुलगा हयात नव्हता. राणी सकवारबाईंचा कल कोल्हापूरच्या गादीवरच्या संभाजींकडे (राजाराम महाराज आणि राजसबाई यांचा मुलगा) होता. महाराजांनी मात्र पेशव्यांच्या नावे स्वहस्ते आज्ञापत्रं लिहून ठेवली होती: राज्य चालवावं, वंश चालवावा, पण कोल्हापूरचा आणू नये. मग ताराबाईंनी सांगितलं की आपला एक नातू गुपचूप वाढवलेला आहे, तोच रामराजा. पुन्हा ताटच पुढे आलं. ताराबाईंनी त्याच्यासोबत जेवून, अन्नावर हात ठेवून, हा आपला नातू आहे असं सैन्यासमोर सांगावं, अशी अट घातल्याची नोंद इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनं केली आहे. जानेवारी १७५० मध्ये रामराजे गादीवर बसले. म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत छत्रपतींची गादी रिकामी होती आणि त्या दिवसांत साताऱ्यात जे घडलं त्यानं मराठी सत्तेचं केंद्र पुण्याकडे सरकलं. वर्ष संपायच्या आत ताराबाईंनी रामराजांना किल्ल्यावर कैद केलं. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी शपथ घेतली की हा भोसले नव्हेच.

रामराजांनी १७७७ साली वावीकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, ते दुसरे शाहू. १८०८ मध्ये त्यांच्यानंतर त्यांचा पोटचा मुलगा प्रतापसिंह. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं.

ही यादी लिहून झाल्यावर सर म्हणाले, "आता बघा. बापामागं पोटचा मुलगा, आणि भांडण नाही, असं किती वेळा?"

एकदाच. १८०८. त्यावेळी छत्रपती पेशव्यांच्या देखरेखीखाली साताऱ्यात बसून होते, त्यांच्या हातात भांडावं असं फारसं उरलंच नव्हतं.

ही यादी पाहिल्यावर बैठकीतला सूर बदलला. वंशवृक्ष काढताना आपण गृहीत धरून चाललो होतो की सरळ रेघ हा नियम आणि बाकीचे अपवाद. साताऱ्याच्या गादीत नियम कुठला, अपवाद कुठला, हेच उलटं निघालं. लंडनच्या यादीत पुढचा माणूस कायद्यानं ठरतो आणि दत्तक मुलाला तिथे जागाच नाही. जपानच्या राजघराण्यालाही कायद्यानं दत्तक घेता येत नाही, मुलीला सिंहासन मिळत नाही, त्यामुळे वारसांची संख्या रोडावत चालली आहे. आपल्याकडे दत्तकाची सोय होती. घर बुडू नये, पिंड चुकू नये म्हणून शास्त्रानंच ती वाट ठेवली होती आणि राज्यांनीही ती वापरली. कागलच्या घाटग्यांच्या घरातला मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला, ते राजर्षी शाहू. नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला, ते सयाजीराव. त्यांना कुणी तुटक रेघेचे राजे म्हणत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तुटक रेघ तशीच ठेवण्याचा. अभ्यासकांच्या ओळखीचा संकेत, पाहणाऱ्याला लगेच कळतं. दोष असा की पाहणाऱ्याला आणखीही काही कळतं: हे जोडणं कच्चं आहे, खरं नव्हे. नेमकं हेच त्या वेळच्या गव्हर्नर जनरल डलहौसीला म्हणायचं होतं. ५ एप्रिल १८४८ ला शहाजी महाराज गेले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी भोसले घराण्यातला मुलगा मांडीवर घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट (दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी) बार्टल फ्रिअर, दोघांचंही मत दत्तक मान्य करावं असं होतं, कारण १८१९ च्या तहात राज्य राजाला आणि त्याच्या वारसांना दिलं होतं. डलहौसीनं तोड काढली ती अशी: मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होईल, राज्याचा नाही, राज्यासाठी आमची संमती हवी होती. कंपनीच्या संचालकांनी १८४९ मध्ये ते उचलून धरलं आणि सातारा खालसा झाला. पुढे झाशी, नागपूर याच वाटेनं गेली. साताऱ्यातल्याच भिंतीवर दत्तकाची रेघ तुटक काढायची, आणि तीही या गोष्टीच्या शेजारी, हे मॅडमना पटेना. मलाही पटलं नाही.

दुसरा पर्याय सगळ्या रेघा सारख्या काढून दत्तकाचा उल्लेखच न करण्याचा. विश्वस्तांना हा आवडला, वाद मिटला असता. मुलगी ठाम राहिली की मग १८४८ ची गोष्ट हवेत तरंगेल, आणि ती बरोबर होती.

तिसरा पर्याय वादाच्या जागा टाळण्याचा. रामराजांबद्दल एक ओळ, जेजुरीची शपथ गाळायची, फलक १८३९ ला थांबवायचा. यावर फारशी चर्चा झाली नाही. ज्या जागा टाळायच्या म्हणत होतो त्याच पाहायला लोक येणार होते.

चौथा पर्याय आला फ्लेक्सच्या दुकानातून. आराखडा संगणकावर बसवणाऱ्या मुलाला बदल सांगायला मॅडम आणि मी गेलो होतो. राजारामांना संभाजी महाराजांखाली आणायचं की शेजारी, यावर आमचं बोलणं चाललेलं. तो माऊस बाजूला ठेवून म्हणाला, "मॅडम, मला एक सांगा, ही रेघ नात्याची आहे का गादीची? एकाच रेघेत दोन्ही बसवताय म्हणून गुंता होतोय. नातं रेघेनं दाखवा आणि गादी दुसऱ्या कशानं तरी."

तोडगा तिथेच मिळाला.

काय केलं

रेघ फक्त नात्याची ठेवली. पोटचा असो, दत्तक असो, रेघ सलग आणि एकाच जाडीची. दत्तकाच्या नावापुढे छोट्या वर्तुळात 'द' आणि खाली कुठल्या घराण्यातून, कुठल्या साली. जे गादीवर बसले त्यांच्या नावावर छोटं छत्र, छत्रात गादीवर येण्याचा आणि सोडण्याचा सन. छत्रांचा क्रम वेगळ्या रंगाच्या बाणांनी दाखवला. बाण कधी खाली जातो, कधी आडवा भावाकडे, कधी पुतण्याकडे मागे वळतो. रेघा शांत दिसतात, बाण धावत सुटतात. मला वाटतं तो फलक पाहण्याजोगा झाला तो त्यामुळेच.

रामराजांचा प्रश्न या पद्धतीनं निम्मा सुटला. शाहू महाराजांच्या इच्छेनुसार आणलेला वारस म्हणून त्यांना शाहू महाराजांशी जोडलं, 'द' लावला, छत्र लावलं. मूळ घराण्याच्या जागी मात्र रेघ काढली नाही. तिथे एक चौकट, तिच्यात ताराबाईंची दोन्ही वक्तव्यं सनांसह समोरासमोर. कुठलं खरं, हे आम्ही लिहिलं नाही. ताराबाईंची शपथ लिहावी की नाही यावर सर आणि विश्वस्त यांच्यात बरीच ओढाताण झाली. सरांचं म्हणणं असं की या बाईंनी पंचविशीत औरंगजेबाला झुंजवलं आणि सत्तरी ओलांडल्यावर पेशव्यांशी डाव मांडला. त्यांना फक्त पहिल्या भागापुरतं ठेवणं हा त्यांच्यावरच अन्याय. चौकट राहिली.

सगळ्यात अवघड निर्णय शेवटच्या पिढीचा होता. प्रतापसिंह महाराजांनी काशीत मुलगा दत्तक घेतला होता, शहाजी महाराजांनी साताऱ्यात. दोघांनाही राज्य मिळालं नाही. दोघांना सलग रेघ आणि 'द' दिला. छत्र दिलं नाही, छत्राची जागा नुसती बाह्यरेषेनं रिकामी ठेवली. खाली कंपनीचा निर्णय आणि प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांनी लंडनला वर्षानुवर्षं राहून त्यांची बाजू कशी लढवली ते चार ओळींत. शिवाय एक वाक्य मी आग्रहानं घातलं: १८५७ साली इंग्रजांनी या घराण्यातल्या मंडळींना साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बेटावर नेऊन ठेवलं. ज्यांचा वारसा मानलाच नव्हता त्यांची एवढी धास्ती का वाटावी, हा विचार पाहणाऱ्यानं स्वतः करावा.

फलक १८४९ ला थांबवला. पुढच्या पिढ्या आणि आजचं घराणं यांचा विषय घेतला नाही. हयात माणसांची नाती भिंतीवर मांडणं हे वाचनालयाचं काम नव्हे, आणि राजेपदाची सरकारी मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संपलेच आहेत. हा निर्णय पहिल्याच बैठकीत झाला आणि कोणीही आडकाठी केली नाही.

परिणाम

गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली. शाळांच्या सहली आल्या, राजवाडा भागातल्या बाजारात खरेदीला आलेली घरं मुलांना घेऊन आत शिरली. मी तिथे उभा राहून लोक कुठे थांबतात ते पाहत होतो. शिवाजी महाराजांच्या नावाला हात जोडून लोक पुढे सरकत. पावलं थांबत ती १६८० ला, १७०७ ला आणि सगळ्यात जास्त १७४९ ला. तिथे बोटं बाणावर फिरत, घरातली मोठी माणसं लहानांना समजावत, आणि हटकून कोणीतरी विचारी: मग खरा वारस कोण?

राजघराण्यांच्या वारशाचं लोकांना एवढं वेड का, याचं उत्तर मला त्या गर्दीत मिळालं असं वाटतं. कोरेगावकडच्या एका बाई १७४९ च्या चौकटीपुढे आपल्या जावेला सांगत होत्या, "बघ, आपल्यात मामंजी गेल्यावर झालं तसंच की." वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढलं, आजारी माणसाचा अंगठा कोणी आणि केव्हा घेतला, हे आपल्याकडे कुठल्या घराला ठाऊक नाही? भाऊबंदकी सगळ्यांच्या परिचयाची आहे. फरक एवढाच की घरच्या भाऊबंदकीत दोन एकर इकडचे तिकडे होतात आणि इथे एका आजारपणावर, एका बाईच्या शब्दावर लाखो माणसांचं राज्य फिरतं. ओळखीची गोष्ट इतक्या मोठ्या मापात दिसली की नजर हटत नाही. त्यात भर म्हणजे शेवट आपल्याला ठाऊक असतो आणि त्या माणसांना नव्हता. डिसेंबर १७४९ मध्ये साताऱ्यात जागे असलेल्या माणसांना पुढचा महिना कसा जाईल याचा पत्ता नव्हता.

दत्तकाच्या 'द' पाशी वेगळीच चर्चा रंगे. कोर्टातल्या एका वकिलांनी स्वतःहून मुलांना १९५६ चा हिंदू दत्तक कायदा समजावला: दत्तक मूल त्या घरचं सर्व बाबतींत मूलच मानलं जातं. अण्णा उद्घाटनाला आले नाहीत, नंतर एका दुपारी आले. फलक वाचला, 'द' वर बोट ठेवलं आणि मॅडमना म्हणाले, "कुठून आला ते लिहिलंत, बरं केलंत. माझ्या जन्माच्या आईचं नावही कुणी पुसू नये असंच वाटतं मला." त्यांना उल्लेखाची अडचण कधीच नव्हती. त्यांचा राग रेघेवर होता, हे तेव्हा आम्हाला नीट उमगलं.

सगळेच खूश झाले असं नाही. सरांचं मत अजून तेच आहे: अभ्यासाच्या वंशावळीत तुटक रेघच योग्य, कारण ती जगभर चालते. अभिप्राय वहीत एकानं लिहिलं की ताराबाईंच्या शपथेची चौकट काढून टाका, ती त्यांच्या कीर्तीला शोभत नाही. समितीनं चौकट काढली नाही, पण मजकुरात भर घातली: १७०० ते १७०७ या काळात त्यांनी केलेल्या कामाच्या दोन ओळी त्याच चौकटीत वर आणल्या. त्यानंतर तशी तक्रार आली नाही. आणखी एकानं रिकाम्या छत्रांवर हरकत घेतली. त्याच्या मते दत्तक शास्त्रशुद्ध होता, म्हणजे छत्रही भरलेलं हवं. यावर आमचं उत्तर होतं की छत्र म्हणजे हक्क नव्हे, प्रत्यक्ष बसणं. त्याचं समाधान झालं नाही, आणि त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे हे मी मान्य करतो.

पुन्हा करायचं तर

आराखडा छापण्याआधी भिंतीवर लावणं ही सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली. अण्णांचा आक्षेप बारा फुटी फ्लेक्स टांगल्यावर आला असता तर ऐकून घेण्याची तयारीच राहिली नसती. पैसे गेलेले असतात, पाहुणे बोलावलेले असतात. असा फलक करणाऱ्यांनी कच्चा कागद किमान आठवडाभर लोकांपुढे ठेवावा.

सरांनी करून घेतलेली ती एकेका ओळीची यादी रेघा आखण्याआधी व्हायला हवी. आमच्याकडे ती वाद सुरू झाल्यावर झाली. संकेत आधी उचलला आणि मग त्यात माणसं बसवत गेलो की माणसांची कोंबाकोंबी होते.

सगळ्यात मोठी उणीव स्त्रियांची आहे. यादीत जवळपास प्रत्येक वळणावर एक बाई उभी आहे: सोयराबाई, ताराबाई, सकवारबाई. १६८९ ला रायगडावर आपला मुलगा बाजूला ठेवून दिराला गादीवर बसू देणाऱ्या येसूबाई, ज्यांनी पुढे मुलासह मोगलांची कैद सोसली. कोल्हापुरात ताराबाईंना हटवून आपल्या मुलाला बसवणाऱ्या राजसबाई. वंशवृक्षावर यांची नावं आहेत ती नवऱ्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, कारण रेघ बापाकडून मुलाकडे जाते आणि छत्र पुरुषावर आहे. निर्णय ज्यांनी घेतले किंवा घेऊ दिले त्यांच्यासाठी आमच्या संकेतात खूणच नाही. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक बाणावर, तो बाण कोणी वळवला त्याचं नाव लिहायचं असं त्या मुलीनं सुचवलं आहे आणि ते सगळ्यांना मान्य आहे.

दरम्यान सांगलीच्या एका वाचनालयानं पटवर्धन घराण्यासाठी असाच फलक करायचं ठरवलंय आणि आमचा संकेत मागितला आहे. तो पाठवताना एक अडचण आधीच कळवली. १८०१ मध्ये सांगली मिरजेपासून वेगळी झाली ती चुलत्या-पुतण्याच्या वाटणीतून, ते बाणांनी दाखवता येईल. पण १९०१ मध्ये धुंडिराजराव अपत्याविना गेले आणि १९०३ मध्ये मुंबई सरकारनं निवडलेला मुलगा दत्तक म्हणून गादीवर आला, ते चिंतामणराव. तिथे नातं सलग रेघेनं येईल, छत्रही भरलेलं येईल, आणि तरी निवड घरानं केली की सरकारनं, हे फलकावर कुठेच दिसणार नाही. बाणावर वळवणाऱ्याचं नाव लिहायची सूचना त्यांनी पहिल्यापासूनच धरावी, असं मॅडमनी त्यांना लिहून दिलं आहे.